तिसऱ्या महिन्यातली गोळी

मिरगाचा पाऊस पडला की शेतावर जायला कुणाला सांगावे लागत नाही. पेरणीला लहानथोर सगळे हुरूपाने राबतात. खरी कसोटी लागते ती पुढे भांगलणीत. डोक्यावर इरले, पाय चिखलात आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसते तण. हुरूप केव्हाच संपलेला असतो, तरी आपण जातो. शेतात जे आपल्याला कळते, ते औषधाच्या बाबतीत मात्र वळत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क शेतकरी बांधवांना मागे क्षय झाला. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन. थुंकी तपासली आणि सरकारी दवाखान्यातून औषध फुकट सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, असा साध्या क्षयाचा नेहमीचा क्रम. लघवी तांबडी दिसली तेव्हा घरचे हादरले. तो रिफाम्पिसिनचा रंग, त्यात भिण्याजोगे काही नाही, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. तेही निभावले. दीड महिन्यात खोकला थांबला, भाकरी गोड लागू लागली. आणि तिसऱ्या महिन्यात, भातकापणीच्या धांदलीत, गोळ्या सुटल्या. उन्हाळ्यात सगळे दुखणे परत आले.

लोक म्हणाले, आळस. आम्हांला ते पटत नाही. जन्मभर पहाटे उठून गुरांचे करणारा माणूस आळशी कसा? खोकला होता तोवर खोकलाच त्यांना गोळीची आठवण देत होता. तो थांबला आणि मागे उरली ती गोळीची मळमळ. शिवाय बरे वाटणे फसवे असते. भराभर वाढणारे जंतू आधी मरतात; थोडे सुस्त जंतू दडून राहतात, त्यांना मारायला महिने लागतात. लव्हाळा वरून उपटला की शेत स्वच्छ दिसते, पण गाठी मातीत असतातच. औषध मध्येच सोडले तर उरलेल्या जंतूंना पुढे तेच औषध लागू न पडण्याचा धोका असतो.

बाळ येशूच्या संत तेरेजाला ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४व्या वर्षी, याच रोगाने मरण आले. क्षयावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ साली. तिला घ्यायला गोळीच नव्हती. तिच्या तसबिरीपुढे आपण मेणबत्ती लावतो आणि शेजारी गोळ्यांची पट्टी धूळ खात पडते, हे आम्हांला बोचते.

राखेच्या बुधवारी केलेला निश्चय तिसऱ्या आठवड्यात ढिला पडतो, हा आपणा सर्वांचा अनुभव. पण तेर्स सुटत नाही. मन लागो न लागो, घर गुडघे टेकते म्हणून आपणही टेकतो. गोळीही अशीच एखाद्या रोजच्या कामाला बांधावी; धार काढून आले की गोळी. जेवणाआधी की नंतर, ते दवाखान्यात विचारावे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, आणि ‘आता मोडलेच’ म्हणून सोडूनही देऊ नये. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र नेटाने सोसत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि फेणी या सहा महिन्यांत नकोच.

मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की, घरी राहून औषध घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. तेव्हापासून परिचारिकेचे काम घराच्या गळ्यात पडले, पण ते घराला शिकवले कुणी? आहारासाठी २०१८पासून सरकार महिना ५०० रुपये देत असे, नोव्हेंबर २०२४पासून १००० केले. ते घ्यावेत. पण गोळी घेतलीस का, हे विचारणारे माणूस घरातलेच लागते, नाहीतर शेजारचे. आम्हीही त्या बांधवांना दोनदा भेटायला गेलो होतो. मोसंबी नेली, जपमाळ म्हटली, पिकाचे विचारले. गोळीचे विचारले नाही.

नवी तपासणी होऊन त्यांचे औषध पुन्हा सुरू झाले आहे. या वेळी शाळकरी नात रोज दिनदर्शिकेवर पेन्सिलीने छोटा क्रूस काढते, तोही आजोबांनी तिच्यासमोर गोळी गिळल्यावरच. परवा पाहिले तर क्रूस चौथ्या महिन्यात पोचले होते. मधली दोन घरे रिकामी होती. त्या दोन दिवसांबद्दल तिने आजोबांना अजून क्षमा केलेली नाही.