विश्लेषण : आगरदांड्याची माणसे फेब्रुवारीत कुठे मोजली जाणार?

मुरूड तालुक्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीवरचे गाव. समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, मधे फेरीबोटीची ये-जा आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा जंजिरा. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची नोंद होणार आहे. त्यामुळे अशा गावांत कोण राहते, याचे पक्के उत्तर मिळेल अशी अपेक्षा आहे. मात्र हे उत्तर निम्मेच असण्याची शक्यता अधिक.

वस्ती कशी घडली?

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेटावरून आला. तिथला पहिला मेढेकोट कोळ्यांचा. पुढे निजामशाहीच्या काळात आफ्रिकी वंशाच्या सिद्दींकडे किल्ला गेला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. राज्यकर्ते सिद्दी असले तरी प्रजा बहुतांश मराठी बोलणारी होती. कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, कातकरी अशी ही सरमिसळ आजही या किनाऱ्यावर आहे. किल्ल्यात विसाव्या शतकातही कुटुंबे नांदत होती. आज तिथे वस्ती नाही; राजपुरीहून शिडाच्या होड्या पर्यटक घेऊन जातात, तेवढीच वर्दळ.

बेट ओस पडले ते सर्वांना दिसते. किनाऱ्यावरचे गाव मात्र हळूहळू रिकामे होते, कारण घर उभे असते, आजी-आजोबा असतात, गणपतीला माणसेही येतात.

जिल्ह्याच्या आकड्यात हे का दिसत नाही?

२०११ मध्ये रायगडची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती आणि दशकात ती सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. यातला मोठा वाटा पनवेल-उरणच्या बाजूचा. शेजारच्या रत्नागिरीत त्याच दशकात लोकसंख्या घटली. तिथे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, रायगडात ९५९. रत्नागिरीच्या या आकड्याचे कौतुक अधूनमधून होते. खरे तर तो मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे. रायगडच्या दक्षिणेकडील गावांची चाल पनवेलपेक्षा रत्नागिरीशी जुळणारी आहे, पण जिल्ह्याच्या सरासरीत ती बुडून जाते.

फेब्रुवारीची अडचण काय?

गणनेच्या काळात घरी नसलेला आणि त्या काळात परतण्याची शक्यता नसलेला माणूस त्या घरात धरला जात नाही. आखाताला गेलेला मुलगा गावच्या संख्येत नसतो. बंदराच्या कामासाठी येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार असतो. हे नियमाला धरूनच आहे. मासेमारीला गेलेला नाखवा दोन-चार दिवसांत परततो, त्यामुळे तो सुटत नाही. पण गावनिहाय तक्त्यात त्याचा धंदा शोधायला जावे तर तो 'इतर कामगार' या रकान्यात! शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग यांना स्वतंत्र जागा आहे, मासेमारीला नाही. कोळीवाड्याची ही थट्टाच म्हणायची.

सर्वाधिक फटका कातकऱ्यांना बसतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टी व कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत वाडीत म्हातारी माणसेच उरतात. प्रगणक भट्टीवर पोहोचला तर हे कुटुंब भट्टीच्या गावात मोजले जाते, न पोहोचला तर कुठेच नाही. दोन्ही बाबतींत मूळ गावातील अनुसूचित जमातीची संख्या घटते आणि ग्रामपंचायतीतील त्यांच्या राखीव जागा याच संख्येवर ठरतात. उपकेंद्राचा निकषही लोकसंख्येचाच : साधारण भागात पाच हजार, आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार. मोबाइलवर स्वतः माहिती भरण्याची सोय या वेळी आहे, पण भट्टीवरच्या झोपडीला तिचा किती उपयोग?

काय करता येईल?

भट्ट्या कुठे आहेत हे महसूल खात्याला ठाऊक असते, कारण मातीचे स्वामित्वधन तेच घेते. ती यादी प्रगणकांच्या हाती देणे अवघड नाही. त्याने माणूस निदान सुटणार नाही. मूळ गावाची नोंद मात्र गावालाच ठेवावी लागेल. २६ जानेवारीची ग्रामसभा गणनेच्या तोंडावरच येते. कोणते कुटुंब कुठे गेले आहे, ही यादी त्या दिवशी वाचून कायम केली, तर राखीव जागा व दवाखान्याच्या मागणीसाठी ग्रामपंचायतीच्या हाती स्वतःचा कागद राहील.