नकाशाचा फेरफार मागा

या आठवड्यात मेळघाटातल्या गावांची एक डिजिटल फाइल हाती आली. एका सरकारी कार्यालयातून, रीतसर अर्ज करून. उघडून पाहिली तर बोरी, कोहा आणि कुंड ही तिन्ही गावं वाघांच्या जंगलात, जुन्याच जागी. ती उठून सातपुड्याखाली अकोटच्या बाजूला गेली, त्याला वीस वर्षं उलटली. शेजारच्या रकान्यात लोकसंख्या मात्र 2011 ची. ही माहिती कोणत्या सालची, असं विचारलं. उत्तर आलं, "साहेब, वरून जशी आली तशी दिली."

पुनर्वसनावर मी याआधी पुष्कळ लिहिलं आहे, ते आज उगाळत नाही. आजचा राग त्या फाइलीवर आहे. ती कोणी केली, कधी केली, कशावरून केली, याची एक ओळ तिच्यासोबत नव्हती. या ओळींनाच मेटाडेटा म्हणतात.

हा शब्द परका वाटेल, पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट आजोबांपासून माहीत आहे. सातबारा काढा. नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना सहा उघडला की कळतं, हे नाव वारसाने लागलं, खरेदीने लागलं की वाटणीने. तलाठ्याने नोंद कधी घेतली, नोटीस निघाली का, हरकत आली का, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित कधी केली, सगळं तिथे असतं. हाती लिहिलेल्या सातबारावर जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. कंसातलं नाव वाचता येई, म्हणून भांडण लागलं तर मागे मागे जाता येई. सातबारात चुका असतात, लबाड्याही असतात. पण चूक कुठे शिरली, ते शोधायची वाट त्या कागदातच असते. अर्धा एकर पडीक जमिनीला जो मान आपण देतो, तो अख्ख्या तालुक्याच्या नकाशाला देत नाही, हे मला सहन होत नाही.

मेळघाटातल्या धारणीत या बेपर्वाईची किंमत कोरकू आदिवासी शेतकरी मोजतो. वनहक्काच्या दाव्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पुरावा तपासताना उपग्रहाचं चित्र पुढे आलं आणि त्यावर सालच नसलं तर? 1998 चं चित्र 2005 चं समजलं गेलं, तर नंतर कसलेलं शेत त्यात दिसणारच नाही. नुसतं सालही पुरत नाही, महिना हवा. श्रावणात शेत, झुडूप, रान सगळं हिरवं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण. शिवाय मोजणीची संदर्भ प्रणाली हवी. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट पद्धतीचे, हातातलं जीपीएस डब्ल्यूजीएस-84 चं. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर बांध शेकडो फुटांनी सरकतो आणि शेत कागदावर जंगलात जातं. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या छापील नकाशाच्या कडेला मोजणीचं साल आणि मापप्रमाण तरी असे. डिजिटल करताना आपण ती कडच कापून टाकली.

नियम नाहीत असं नाही. अमेरिकेने 1994 मध्येच राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय खात्यांना नकाशांची अशी नोंद बंधनकारक केली. आयएसओ 19115 हे जागतिक प्रमाणक 2003 चं. आपल्याकडे राष्ट्रीय भू-स्थानिक माहिती व्यवस्थेला मंत्रिमंडळाने 2006 मध्ये मंजुरी दिली, तिचं स्वतःचं मेटाडेटा प्रमाणक आहे, 2022 मध्ये राष्ट्रीय धोरणही आलं. प्रमाणकात एक रकाना वंशावळीचा आहे: ही माहिती कोणत्या माहितीपासून, कोणत्या टप्प्यांनी तयार झाली. तो आपला फेरफारच.

आणि नावं! हे मी दरवेळी म्हणतो, आजही म्हणणार. कोरकू गावाचं नाव आधी रोमन लिपीत जातं, तिथून मराठीत परत येतं आणि गावकऱ्यालाच ओळखू येत नाही. नोंद देवनागरीत ठेवा, सोबत जनगणनेचा गाव-क्रमांक द्या.

वाचकांना विनंती एवढीच. यापुढे कोणत्याही कार्यालयातून नकाशा मागाल तेव्हा अर्जात आणखी एक ओळ लिहा: या नकाशाचं साल, स्रोत, संदर्भ प्रणाली आणि तयार करणारं कार्यालय लेखी कळवावं. मी परवाच्या फाइलीसाठी तसा दुसरा अर्ज सोमवारी दिला आहे.