मोडी लिहिणारे उदंड, वाचणारा कुठे आहे?

हल्ली मोडीला बरे दिवस आलेत म्हणे. टी-शर्टावर मोडी, लग्नपत्रिकेवर मोडी, दुचाकीच्या नंबरप्लेटखाली आडनाव मोडीत. 2014 साली युनिकोडमध्येही मोडी आली. आनंद आहे. पण यातल्या किती जणांना पणजोबांचा एक कागद वाचता येतो? माझा राग तिथे आहे.

तर मंडळी, आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. साताऱ्याच्या घरात माळ्यावर एक ट्रंक होती. त्यात 1926 सालचं सावकाराचं पत्र. आमचं रान गहाण पडलेलं आणि आजोबांचे धाकटे भाऊ तेव्हा सांगलीच्या हळद पेठेत नोकरीला. 1998 साली एका जाणकारांकडून पैसे देऊन ते वाचून घेतलं. त्यांनी स्वच्छ बाळबोधीत उतरवून दिलं : "तुमचे बंधूंनी रान सोडवू न दिले." पुढची ओळ "अवाच्य".

झालं! घरात आधीपासूनच कुजबुज होती, तिला पुरावा मिळाला. सांगलीकडच्यांशी बोलणं बंद, लग्नकार्याला जाणं बंद.

2023 मध्ये मी मोडी शिकलो. (तेव्हा राज्यभर कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली होती आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला होता.) मुळाक्षरं पंधरा दिवसांत आली. मग तो कागद उघडला तर एक अक्षर ओळखू येईना! वर्गात आम्ही तक्त्यावरचं सुबक अक्षर गिरवलं होतं. इथे बोरू न उचलता लिहिणारा सावकार. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं एकमेकांत गुंतवत नेतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. आठ महिने तेच पत्र आणि जुन्या पावत्या घेऊन बसलो, तेव्हा कुठे हात ओळखीचा झाला.

आणि कागदावर होतं काय? "रानसोडवूनदिले". सलग. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. "सोडवून दिले" की "सोडवू न दिले"? उत्तर त्या "अवाच्य" ओळीत होतं : "रुपये भरून पावलो". पैसे भरल्याशिवाय सावकार असं लिहील का हो? धाकट्या आजोबांनी रान सोडवलं होतं.

मला त्या जाणकारांचा राग नाही. चूक कुणाचीही होते. राग याचा आहे की चूक पकडू शकेल असा दुसरा माणूस आमच्या अख्ख्या भावकीत नव्हता. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातले ढीगभर कागद वाचून "ऐतिहासिक लेखसंग्रह" छापला, साताऱ्यात पारसनिसांनी आयुष्यभर कागद जमवले. त्याच दोन जिल्ह्यांतले आम्ही, आणि आमची मोडी टी-शर्टापुरती!

कुणी म्हणेल, आता यंत्रं वाचतील. वाचू देत की. पण "सोडवून" की "सोडवू न" हे यंत्रानं चुकवलं तर तपासणार कोण?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मोडीच्या वर्गांनी गिरवणं कमी करावं आणि पहिल्या महिन्यातच खरा, मळका, घाईत लिहिलेला कागद हातात द्यावा. आणि तुम्ही कुणाकडून कागद वाचून घेणार असाल, तर नुसता अर्थ घेऊ नका. अक्षराला अक्षर उतरवून मागा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह मागा. "अवाच्य" ओळ दुसऱ्याला दाखवल्याशिवाय कुणाशी भांडू नका.

असो. सांगलीचे काका हा ब्लॉग वाचतात, असं बहीण सांगत होती. काका, मूळ पत्र घेऊन दिवाळीला येतोय. दार उघडा.