इमारत बदलते, पण कोणासाठी?

इमारतीचा खरा इतिहास ती बांधून झाल्यावर सुरू होतो. मुंबईच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी उभारल्या. १६० चौरस फुटांची एकेक खोली. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंगही करून पाहिला! पुढे कामगारांनी त्याच खोल्यांत पोटमाळे घातले, पाळीपाळीने झोपण्याची सोय केली, खाणावळी चालविल्या. मूळ नकाशात यातले काहीच नव्हते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही भांडवलनिर्मितीच. मात्र तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही.

याच गिरणगावात गिरण्यांच्या इमारतीही बदलल्या. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरविली : स्थूलमानाने एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम असा बदलण्यात आला की वाटणी केवळ मोकळ्या जमिनीची व्हावी. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीबाहेर राहावी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा बदल ग्राह्य धरला. ज्या शेडमध्ये कामगाराने हयात घालविली, तीच शेड त्याच्या घराच्या आड आली.

आता चाळींची पाळी आली आहे. १६० ऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, तेही विनामूल्य. वरळीत ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. हा लाभ खराच आहे. चाळसंस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांनी सामाईक शौचालयापुढील रांगेत एकदा उभे राहावे. परंतु पोटमाळा रहिवाशाला सुतार बोलावून घालता येत होता. मनोऱ्यातील उद्वाहन, पंप व अग्निशमन यंत्रणा त्याच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यांचा मासिक खर्च निवृत्त कामगाराच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून भागणार नसेल, तर घर विकून कुटुंब कर्जत-कसाऱ्याकडे सरकेल आणि तेही स्वेच्छेने गेले असे कागदोपत्री दिसेल. रहिवाशांच्या सभांतून क्षेत्रफळाचा हिशेब चोख मांडला जातो. पहिल्या काही वर्षांनंतर देखभालीचा भार कोण उचलणार, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी चाव्या हाती पडण्यापूर्वीच लेखी विचारला पाहिजे.