आधी धूळपाटी, मग तक्रार

सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. 'आमची दखल घेतली जात नाही' ही तक्रार आम्ही व्यासपीठावरून किती वेळा केली! २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. कुणीही लिहावे असा हा ज्ञानकोश. तेथे ना पदवी लागते, ना शिफारस. मग आम्ही किती लेख लिहिले?

आगाशीतला एखादा पोरगा आपल्या मोहल्ल्यावर चार ओळी लिहितो. संदर्भ नाही म्हणून त्या काढल्या गेल्या, की आम्ही लगेच म्हणतो, 'मुसलमान म्हणून काढल्या!' भेदभाव नसतोच, असे आमचे म्हणणे नाही. पण 'दादाजान सांगायचे' हा तेथे पुरावा ठरत नाही. छापील ग्रंथ किंवा अन्य प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ द्यावा लागतो. हे त्याला कोण सांगणार? आम्ही शिक्षकच ना!

त्याच्या शेजारी बसायला हवे. आधी 'धूळपाटी'वर सराव, मग लेख. 'थोर', 'महान' ही विशेषणे खोडायची. उर्दू ग्रंथांतली माहिती स्वतःच्या मराठीत, संदर्भासह मांडायची. ओळी काढल्या तर चर्चापानावर कारण विचारायचे.

दोन्ही भाषा वाचणाऱ्या आम्हीच हे केले नाही, तर आमच्याविषयी इतर लिहितील. तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार?