मुदत वटपौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत

नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडून गावातील सर्व घरमालक, भाडेकरू, हॉटेलवाले, गवळी, मिठाईवाले व फेरीवाले यांना इशारा. मे, १९५५.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदी सोडते. त्यानंतर थोड्याच दिवसांत हजारो वारकरी आपल्या गावी मुक्कामाला उतरतील, आपल्या आडाचे पाणी पितील, आपल्या दुकानांतले फराळाचे खातील आणि पहाटे पंढरीची वाट धरतील. पटकीची लागण झाल्यावर रोग काही तासांत दिसतो किंवा पाच दिवसही लपून राहतो. म्हणजे इथे बाधलेला माणूस पुढच्या एखाद्या मुक्कामावर, नाहीतर चंद्रभागेच्या वाळवंटात आडवा पडेल. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटून धडधाकट माणूस एका दिवसात दगावतो. त्या मरणाचे धनी आपण होणार आहोत का?

पटकी देवीच्या कोपाने येत नाही. रोग्याच्या मळातले जंतू पाण्यातून, अन्नातून आणि माश्यांच्या पायांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचा दांडा काढायला लावला, तो याच कारणासाठी. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात हे जंतू रोग्यांच्या मळात आणि तळ्याच्या पाण्यातही सापडले. माहीत नव्हते ही सबब आता कोणालाही नाही. दरवर्षी हात जोडून सांगितले. यंदा विनंतीची पत्रके निघणार नाहीत.

१. विहिरी व आड. मोरीचे पाणी आडाकडे वाहत असेल तर ते मुदतीपूर्वी वळवा. आडाच्या काठावर धुणी, भांडी आणि बाळाची दुपटी धुणे आजपासून बंद. ब्लीचिंग पावडर टाकायला आलेल्या माणसाला ‘पाण्याला वास येतो’ म्हणून परत पाठवणाऱ्यांची नावे लिहून घेतली जातील. सार्वजनिक जलाशयाचे पाणी जाणूनबुजून घाण करणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम २७७ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

२. संडास व उकिरडे. टोपलीच्या संडासामागची बोळ मोकळी करा. तिथे सरपण रचून सफाई कामगाराची वाट अडवायची आणि मग संडास साफ होत नाही म्हणून तक्रार करायची, हे खपणार नाही. उन्हाळ्यात अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून वस्तीतला उकिरडा आठवड्याच्या आत उपसून शेतावर गेलाच पाहिजे.

३. खाद्यपदार्थ. उघडी मिठाई, कापून ठेवलेली फळे, एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेले चहाचे पेले दिसले की माल जागच्या जागी नष्ट होईल. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा येत्या १ जूनपासून अमलात येत आहे. दुधाच्या नमुन्याचे तीन भाग होतील. एक विक्रेत्याला मिळेल, एक तपासणीला जाईल, एक खात्याकडे राहील. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याचे नाव, पत्ता व शिक्षा त्याच्याच खर्चाने वर्तमानपत्रात छापून आणण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

४. रोग लपवणे. घरात जुलाब-उलट्यांचा रोगी असेल तर त्याच तासाला दवाखान्यात कळवा. घराण्याच्या अब्रूसाठी रोगी माजघरात दडवणे आणि त्याचे कपडे रात्री आडावर धुणे म्हणजे सगळ्या आळीच्या जिवाशी खेळणे. हयगयीने जीवघेणा रोग पसरवणाऱ्याला कलम २६९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लस सर्वांनी टोचून घ्या. पण टोचून घेतली म्हणून घाण पाणी पचत नाही, हेही लक्षात ठेवा.

नगरपालिकेच्या सभासदाची चिठ्ठी, नात्याची भीड किंवा ‘मोसमाचे चार दिवस, धंदा करू द्या’ ही गयावया खात्यापुढे चालणार नाही. त्या चार दिवसांच्या कमाईसाठी परगावच्या कोणाचे कुंकू पुसू देणार नाही. गरीब बिऱ्हाडांना मोरी वळवायला माणूस हवा असेल तर मुदतीच्या आत मागावा, खाते फुकट देईल. ऐपत असून हात न हलवणाऱ्याला ही सवलत नाही.

वटपौर्णिमेचा सूर्य मावळला की मुदत संपली. दुसऱ्या सकाळी निरीक्षक वेशीजवळच्या पहिल्या घरापासून तपासणी सुरू करतील आणि नगरपालिकेच्या सभासदांची घरेही त्याच ओळीत तपासली जातील. जिथे उपद्रव कायम दिसेल तिथे फौजदारी कार्यपद्धतीच्या कलम १३३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटकडे त्याच दिवशी अर्ज जाईल. मुदत वाढवून मिळणार नाही आणि दुसरी नोटीस निघणार नाही.