संध्याकाळी पाचचे मजूर

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय 20) कष्टकरी माणसाला खटकतो, आणि ते साहजिक आहे. पहाटे आलेल्याने दिवसभर ऊन सोसलं, संध्याकाळी पाचला आलेल्याने जेमतेम तासभर काम केलं. मजुरी दोघांना सारखीच, एक दीनार. आज एखाद्या मुकादमाने असं वाटप केलं, तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडेल.

माझं लक्ष मात्र मालकाच्या पायपिटीकडे जातं. त्याच्याकडे कारभारी आहे. मजुरी वाटायला तो त्यालाच सांगतो. पण माणसं आणायला बाजारात जातो तो स्वतः. पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि पुन्हा पाचला. तासाभराच्या कामासाठी कोण एवढ्या खेपा घालतं? त्याला द्राक्षांहून जास्त काळजी उरलेल्या माणसांची असावी. दिवसभर रिकामे का उभे, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही.

आपल्याकडच्या मजूर अड्ड्यावर ऊन चढल्यावर कोण उरतं, ते पाहावं. धडधाकट गवंडी, रंगारी केव्हाच टेम्पोत बसून गेलेले असतात. मागे राहतात म्हातारे, अंगाने किरकोळ, लेकरू कडेवर घेतलेल्या बाया. त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे. कामावर गेलेला घाम गाळतो, पण संध्याकाळी चूल पेटणार हे त्याला ठाऊक असतं. नाक्यावर थांबलेल्याला दिवसभर तोच घोर. तेही कष्टच.

दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. तासाच्या हिशेबाने त्याचा तुकडा घेऊन घरी गेलेल्याने मुलांना काय वाढलं असतं? गरिबाची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असं मोशेचं नियमशास्त्रही बजावतं.

इंग्रज लेखक जॉन रस्किनने 1860 साली अर्थव्यवहारावरच्या लेखमालेला याच दाखल्यातले शब्द मथळा म्हणून दिले. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी त्या लेखांचं पुस्तक वाचलं, आणि त्यांनी उभारलेल्या फिनिक्सच्या वसाहतीत सर्वांना सारखाच निर्वाहखर्च द्यायचं ठरलं.

पहाटेच्या मजुरांचा एक पैसाही बुडाला नव्हता. त्यांना आधी पैसे दिले असते, तर ते खुशीत घरी गेले असते, कुरकुर झालीच नसती. तरी मालकाने मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात करायला लावली. सोबत्याच्या हातातला पुरा दीनार पाहून यांनाही आनंद व्हावा, अशी त्याची आस असावी असं मला वाटतं.